गाडी जमिनीवर आल्यावर

माशेलच्या चित्रशाळेतून गणपती घेऊन निघालो तेव्हा पावसाने जरा उसंत दिली होती. मागच्या सीटवर पाट, पाटावर गणपती, त्याच्या तोंडावर नवा रुमाल आणि दोन्ही हातांनी पाट कवटाळून बसलेला आमचा १४ वर्षांचा चिरंजीव. पुढे माझ्या बाजूला बाबा. बाणस्तारीला हमरस्त्याला लागण्याआधी एक खड्डा आला. तो मी चुकवला, अशी माझी समजूत. पुढच्या डाव्या चाकाची समजूत वेगळी असावी. खट्! मग गाडीचे नाक एकदा, दोनदा, तीनदा खाली-वर झाले, लाटेवरच्या होडीसारखे. मागून पोरगा ओरडला, "पप्पा, सोंड!"

गाडी बाजूला घेतली. सोंड जागेवर होती. सुळा, मोदकाचा हात, पायाशी उंदीर, सगळे शाबूत. चिकणमातीचा गणपती तो, एक टवका उडाला असता तर वर्षाचा सण काळवंडला असता. चित्रशाळेतल्या माणसाने पाट हातात देताना बजावले होते, "सांभाळून न्या हां, आतून अजून ओलसर आहे."

"काय झाले?" बाबांनी विचारले.

"आवाज नाही आला तुम्हाला?"

"कसला आवाज?"

बाबा ७६ वर्षांचे. गेली दोन-तीन वर्षे त्यांना दारावरची घंटा ऐकू येत नाही, पण शेजारी कोण काय बोलले ते नेमके ऐकू येते. गाडीबद्दल त्यांचे मत मात्र कानांवर अवलंबून नाही. "गाडीला काही झालेले नाही," ते म्हणाले. "रस्ता वाईट आहे." रस्ता वाईट होताच. पण खड्ड्यात एकदा आदळणे आणि आदळून झाल्यावर तीनदा उड्या मारत राहणे यांत फरक आहे. पहिला दोष रस्त्याचा. दुसरा आपला.

गाडी म्हणजे १९९९ ची मारुती ८००. नंबर जीए-०१. आता फोंड्यातल्या गाड्यांना जीए-०५ मिळतो, त्यामुळे आमची पाटी बघूनच माणसे वय ओळखतात. पहिली मारुती दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते तिच्या मालकाला मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले. आमची साधारण मधली. बाबा उसगावच्या बाजूला शाळेत शिकवायचे. म्हार्दोळहून रोज जाऊन-येऊन. ज्यांनी त्या काळात तिस्क-उसगावचा रस्ता पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकआधीची ती वर्षे, चीनला लोखंड कितीही पुरत नव्हते आणि आमच्या डोंगरांतला लाल खनिज दहा चाकांच्या टिप्परांतून नदीवरच्या धक्क्यांकडे रांगेने धावत होता. रस्ता दुरुस्त होण्याआधी फुटायचा. त्या टिप्परांच्या मध्ये आमची ही ६५० किलोंची पोर, १२ इंची चाकांवर. मोठ्या चाकाची गाडी जो खड्डा ओलांडून जाते त्यात हिचे चाक पुरते उतरायचे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, टिप्पर दारादारांत उभे राहिले, पण त्याआधीच बाबा निवृत्त झाले होते. तेवढ्या काळात त्यांनी शॉकअपच्या, म्हणजे शॉक अॅब्झॉर्बरच्या, दोन जोड्या खाल्ल्या.

२०२४ साली गाडीची नोंदणी पुन्हा करायची पाळी आली तेव्हा घरात विषय निघाला होता. १५ वर्षांवरच्या गाडीला ही फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५००० झाली. मी म्हटले, विकून टाकू. बाबांनी हातातले वर्तमानपत्र खाली न ठेवता विचारले, "माझीही नोंदणी करायची असती तर?" विषय तिथेच मिटला.

तर सांगायचे हे, की तो खट् चवथीला जन्मला नव्हता. मी नंतर आठवून पाहिले. निदान दीड-दोन वर्षे तो गाडीत राहत होता आणि आम्ही सगळ्यांनी त्याला घरचा करून घेतला होता. मी रेडिओचा आवाज वाढवायचो. पोरगा मागे डाव्या बाजूला बसायचा नाही, का ते त्यालाही सांगता येत नव्हते. आई गतिरोधक आला की पुढच्या सीटची पाठ धरायची, आणि गतिरोधक कुठे आहेत ते मला नसले तरी तिला पाठ होते. मंगेशीच्या वळणावर तिचा हात आपोआप वर जायचा. बाबा स्टिअरिंग किंचित उजवीकडे दाबून धरायचे, मधली खूण घड्याळातल्या एकच्या जागी. कधी विचारलेच तर म्हणायचे, "हिची तशी सवय आहे." शॉकअप काही काचेसारखा फुटत नाही. रोज थोडे तेल झिरपते, रबराला रोज एक केसाएवढी चीर वाढते, आणि रोज थोडे आपण सरकून बसतो. म्हणून तर गाडी परक्या माणसाच्या हातात दिली की तो पहिल्या किलोमीटरला म्हणतो, "काय हो हे?" आणि आपल्याला राग येतो.

चवथ झाली, विसर्जन झाले, पाऊस ओसरला. ऑक्टोबरच्या एका रविवारी सकाळी मी गाडीच्या नाकावर, डाव्या दिव्याच्या वरच्या बाजूला, दोन्ही हात टेकवले, पूर्ण वजन देऊन दाबले आणि सोडले. चांगला शॉकअप असेल तर गाडी वर येते आणि बसते. आमची वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, आणि मग थोडा विचार करून थांबली. ही परीक्षा तशी ढोबळ आहे. पार मेलेला शॉकअपच तीत नापास होतो, अर्धमेला पास होऊन जातो. आमचा डावा तरीही नापास.

मग बॅटरी घेऊन खाली वाकलो. शॉकअपच्या नळकांड्यावर वरून खालपर्यंत ओला काळा ओघळ आणि त्यावर लाल मातीचा थर. तेल बाहेर आल्याशिवाय माती अशी चिकटत नाही. वरचे रबरी धूळकव्हर फाटून खाली लोंबत होते, त्यातला बम्प स्टॉप, शेवटचा आदळा थोपवणारा रबराचा तुकडा, चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखा, हात लावला की चुरा. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो तिथल्या रबरी बुशमध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून उचकटून पाहिले. आर्म बोटभर हलला. खट् तिथला होता. चाक जॅकवर उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवले तर आर्म आणि चाक यांना जोडणाऱ्या बॉल जॉइंटमध्येही प्ले, म्हणजे ढिलेपणा. ३ आणि ९ ला धरून हलवले तर काही नाही, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचे टोक, टाय रॉड एंड, ठीक. तेवढेच समाधान.

शॉकअपला लोक धक्का झेलणारा समजतात. धक्का झेलते स्प्रिंग. स्प्रिंग दाबली जाते, आणि दाबलेली प्रत्येक स्प्रिंग तेवढ्याच जोमाने परत उठते, पुन्हा दबते, पुन्हा उठते. तिला "पुरे आता" म्हणणारे कोणीतरी लागते. ते काम शॉकअपचे. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके. चाक वर-खाली होताना तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीने जावे लागते, त्यात उडीचा जोर मरतो आणि त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून लांब आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, कोमट लागेल. आमचा थंड लागायचा. तेलच नाही तर कोमट काय होणार.

घरी करायचे ठरवले त्याचे कारण पैसे नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. गॅरेजवाल्याने मजुरी काही अवाच्या सव्वा सांगितली नव्हती. त्याच्याकडे दोन-तीन तासांचे काम, मला दोन दिवस लागले. कारण जरा लाजिरवाणे आहे. २६ वर्षे ही गाडी दारात आहे आणि मी तिचे बॉनेट सोडून काही उघडले नव्हते. ज्या खालच्या भागावर आम्ही सगळे बसून फिरलो तो मी पाहिलाही नव्हता.

फोंड्याला सामानाच्या दुकानात गेलो. दोन्ही पुढचे शॉकअप, दोन्ही बाजूंचे लोअर आर्म बॉल जॉइंटसकट, जंपिंग रॉडची रबरे, वरची माउंटिंग, बम्प स्टॉप, धूळकव्हरे. उजवा शॉकअप अजून बरा होता. पण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला ठेवला तर ब्रेक मारताना आणि वळणावर गाडीच्या दोन बाजू दोन तऱ्हेने वागतात, म्हणून हे सामान जोडीनेच बदलायचे असते. जंपिंग रॉडच्या रबरांवर मी पैसे वाचवायला बघत होतो, दुकानदाराने वाचवू दिले नाहीत. ८०० मध्ये तो रॉड गाडीचा तोल तर सांभाळतोच, शिवाय लोअर आर्मला पुढे-मागे सरकू देत नाही. रबर गेले की चाकच मागेपुढे होते. "८०० चे सामान मिळते अजून?" मी विचारले. "लोकांनी गाड्या विकल्या," तो खोके काढत म्हणाला, "पण गाड्या गेल्या कुठे? कोणाच्या तरी दारात आहेतच."

तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारत होतो. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात खाडीचा खारा वारा आणि ही लाल माती. इथे बोल्ट सुटतात कमी, निघतात तुटून. आईने बाटली बघून विचारले, "खोबरेल चालणार नाही?" तिच्या मते गोव्यात खोबरेलाने न सुटणारी गोष्ट नाही.

मागच्या चाकांना लाकडी पाचर, हँडब्रेक, पहिला गिअर. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, कारण हवेत चाक नुसते फिरते. मग जॅक, आणि जॅकने उचलल्यावर लोखंडी घोड्या. या घोड्यांवरून बाबांचे आणि माझे वाजले. "चिरे आहेत की मागे," ते म्हणाले, "घोड्या कशाला विकत आणल्या?" कुंपणाच्या कामातले आठ-दहा चिरे खरेच पडले होते, आणि गोव्यात चिऱ्यावर टेकवलेली गाडी कुठल्याही वाड्यावर दिसते. पण चिरा म्हणजे जांभा दगड, पोखरलेला. भिंतीत चारी बाजूंनी दाबला की शंभर वर्षे उभा राहतो, पण एकाच टोकावर भार आला की बिस्किटासारखा दुभंगतो, आणि दुभंगण्याआधी सांगत नाही. मी त्यातला एक उचलून पायरीच्या कोपऱ्यावर आपटला. दोन तुकडे. बाबा काही बोलले नाहीत, पण खुर्ची पडवीतून अंगणात आणून बसले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालायचे नाही हा एवढा एक नियम पाळता येत नसेल तर हे काम करू नये. बाकीच्या चुका सुधारता येतात.

डावे चाक काढले. आणि मग तो बोल्ट.

बॉल जॉइंटचा दांडा चाकाच्या नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या ओतीव लोखंडी तुकड्यात, खालून वर शिरतो आणि एक आडवा बोल्ट नकलच्या दोन ओठांना आवळून त्याला धरतो. दांड्याला एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो, त्यामुळे नुसता सैल करून भागत नाही, तो पुरता बाहेर यावा लागतो. आमचा बोल्ट २६ पावसाळ्यांचा असेल नसेल, नकलशी एकजीव झाला होता. रिंग पाना लावला, त्यावर दोन फुटी पाइप चढवला, जोर लावला. पाइप वाकला असे वाटले. वाकला नव्हता, पाना सुटून माझी बोटे सांगाड्यावर आपटली होती. दोन बोटांची सालपटे. पुन्हा स्प्रे, हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर टकटक, चहा, पुन्हा जोर. बोल्टाच्या डोक्याचे कोपरे आता गोल व्हायला लागले होते, आणि एकदा ते गोल झाले की पुढचे सगळे छिन्नी आणि ड्रिलचे काम. मला घाम फुटला तो ऊन चढल्यामुळे नव्हे.

"आधी आवळ," खुर्चीवरून बाबा म्हणाले.

"काय?"

"सोडायच्या आधी थोडा आवळ. सायकलचा पॅडल अडकला की आम्ही तसेच करायचो. गंजाने त्याला धरलेले आहे ना, त्याला कुठल्याही बाजूने आधी हलायला शिकव."

मी आवळला. एवढासा, मुंगीच्या पावलाएवढा. आत काहीतरी कच्कन मोडले. मला वाटले बोल्टच. मग सोडायच्या बाजूला फिरवले आणि तो तेवढाच परत आला, वर आणखी मुंगीभर. स्प्रे. आवळ. सोड. प्रत्येक फेऱ्यात आट्यांतून विटकरी रंगाची पूड बाहेर यायची, कुंकवासारखी बारीक. पाऊण तास हे चालले. शेवटी शेवटी तो हाताने फिरायला लागला आणि बाहेर आला तेव्हा गरम होता. मी तो बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून तो पाहिला, रुमालाने पुसला आणि खिशात टाकला. अजून त्यांच्या टेबलावर आहे, पेनांच्या डब्यात.

उरलेला आर्म निघायला दहा मिनिटे. तो हातात घेऊन बुश पाहिली. बाहेर लोखंडी कडे, आत लोखंडी नळी, मधले रबर दोघांना धरून असते. आमच्यातले रबर अर्ध्यावर फाटून नळी एका बाजूला जाऊन बसली होती. खड्डा आला की नळी कड्यावर आपटायची. खट्. दोन वर्षांचा आमचा पाहुणा माझ्या तळहातावर होता आणि मी त्याला बोटाने हलवून पुन्हा पुन्हा वाजवत होतो. पोराला बोलावून ऐकवला. बाबांच्या कानाशी नेऊन वाजवला. "हं," ते म्हणाले. ऐकू आले की नाही ते कळले नाही.

शॉकअप काढताना एक पेच असतो. नकलला तो दोन बोल्टांनी धरलेला असतो आणि ते निघाले की चाकाकडचा सगळा जड भाग, ब्रेकची डिस्क, तिला आवळणारा कॅलिपर, बाहेरच्या बाजूला कलंडतो. त्याला तसा लोंबू दिला तर ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो आणि चाकाला फिरवणारा आतला ड्राइव्हशाफ्ट जागेवरून निसटू शकतो. तो कशाने तरी टांगून ठेवावा लागतो. मी तार शोधत होतो. बाबा उठून आत गेले आणि केवणीचा दोर घेऊन आले, माटोळीतला उरलेला.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळे, फुले, वेली बांधतात. नारळाची पेंड, सुपारीचा कात्रा, तोरिंजण, चिबूड, घागऱ्या, कांगलां. ती माटोळी. ती बांधायची रानातल्या केवणीच्या सालीच्या दोरांनी, आणि आमच्या घरात ती बाबा बांधतात, ५० वर्षांहून जास्त काळ. पाच-सहा किलोंचा घड डोक्यावर टांगायचा आणि खाली देव बसलेला, त्यामुळे त्यांच्या गाठीबद्दल घरात कोणी शंका घेत नाही. त्यांनी दोर कॅलिपरमागून घातला, वरून सांगाड्याच्या भोकातून ओवला, दोन वेढे, एक गाठ. नकल जिथे हवा होता तिथे थांबला. मी हाताने ओढून पाहिला.

"ओढू नकोस," ते म्हणाले. "बांधलेले आहे."

काढलेले दोन्ही शॉकअप स्प्रिंगसकट गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर घातले आणि गॅरेजवर नेले. हा भाग मी घरी केला नाही आणि त्याची मला लाज नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये गाडी उचलण्याचा जोर कोंडलेला असतो. वरचा मधला नट नुसता फिरवायला गेलात तर माउंटिंग तोंडावर येईल. म्हणून गाडीवरून काढतानासुद्धा बॉनेटखालचे बाजूचे नट तेवढे सोडायचे, मधल्याला हात लावायचा नाही. गॅरेजवाल्याकडे भिंतीला पक्का केलेला प्रेस होता. त्याने स्प्रिंग दाबली, नट काढला, जुने नळकांडे खाली टाकले, नवे घातले, नव्या माउंटिंगसकट बांधले. दोन्ही मिळून २० मिनिटे.

तिथे उभा राहून मी पहिल्यांदा नीट पाहिले, की स्प्रिंग, शॉकअप आणि चाक ज्याच्यावर वळते तो खांब, या तिन्ही गोष्टी इथे एकाच नळकांड्यात आहेत. ही युक्ती अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. १९४० च्या दशकात तो जनरल मोटर्समध्ये शेव्हर्ले कॅडेट नावाच्या छोट्या स्वस्त गाडीवर काम करत होता. ती गाडी १९४७ मध्ये बाजारात येण्याआधीच गुंडाळली गेली, आणि तो आपली कल्पना घेऊन फोर्डमध्ये गेला. स्वस्त आणि कमी जागेत मावणारे म्हणून जगभरच्या छोट्या गाड्यांनी ते उचलले. नाव बदलून सगळे त्याला आता स्ट्रट म्हणतात, आमच्या गॅरेजवाल्यासाठी तो शॉकअपच.

बसवणे काढण्याइतके कठीण नव्हते. जुने कुलूपनट वापरले नाहीत, नवे घातले. उजवी बाजू डावीच्या निम्म्या वेळात झाली, तिथला बोल्ट मी पहिल्यापासूनच आवळून सोडवला. रात्री साडेआठला शेवटचा नट सगळ्या ताकदीने आवळला, चाके चढवली, गाडी खाली उतरवली, नाकावर वजन दिले. वर आली आणि बसली. एकदाच. मी पुन्हा दाबले. पुन्हा एकदाच. आईला बाहेर बोलावून दाखवले. तिने गाडीपेक्षा माझी बोटे पाहिली आणि हळद आणायला आत गेली.

सकाळी उसना आणलेला मोठा पाना परत द्यायला गॅरेजवर गेलो, जरा रुबाबातच. गॅरेजवाला कोणाच्या तरी जीपखाली होता. खालूनच त्याने विचारले, "झाले?"

"झाले."

"आर्मचे बोल्ट कधी आवळले?"

"काल रात्री."

"तसे नव्हे. गाडी वर असताना की खाली असताना?"

"वर असताना. खाली असताना हात कुठे जातो?"

तो जीपखालून बाहेर आला. कोपऱ्यातल्या ढिगातून एक बुश उचलली, आतल्या नळीत बोट घातले आणि बाहेरचे कडे दुसऱ्या हाताने फिरवले. रबर फडक्यासारखे पिळले गेले. सोडल्यावर परत आले. मग मला सगळे समजावले, नंतर कोणाला समजावू शकेन इतके. बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याला घट्ट बसते, ती फिरतच नाही. आर्म वर-खाली होतो तो फक्त रबर पिळले जाते म्हणून. आता गाडी हवेत असताना आर्म खाली लोंबलेला. तिथे बोल्ट आवळला तर रबराच्या हिशेबाने तीच विश्रांतीची जागा. मग गाडी खाली उतरवली, आर्म वर गेला, आणि रबर तेव्हापासून चोवीस तास पिळलेले, गाडी दारात नुसती उभी असली तरी. वर खड्डा आला की आणखी पीळ. "वर्षभरात फाटणार," तो म्हणाला. "मग तू म्हणणार, सामान डुप्लिकेट होते."

मी पाना तसाच घेऊन परत आलो.

शेजारच्या वखारीतून फणसाच्या दोन जाड फळ्या मागून आणल्या. गाडी त्यांच्यावर चढवली, म्हणजे पुढची दोन्ही चाके फळीवर आणि गाडीचे वजन चाकांवर. मागे पाचरी. मग आडवे पडून, गालाला लाल माती चिकटवून, हात वाकडा करून आर्मचे आणि जंपिंग रॉडचे बोल्ट सैल केले. डावीकडचा सैल होताना बुशने आतून एक हलकासा सुस्कारा सोडला. खरेच ऐकला मी. पीळ सुटला त्याचा. पोराने नाकावर दोन-तीनदा दाबून गाडी जागेवर बसवली, आणि मग तसेच पडून, अर्धा-अर्धा दात फिरवत, मी ते बोल्ट पुन्हा आवळले. दोन तास गेले. आदल्या रात्री दहा मिनिटांत केले होते.

मग फोंड्याला अलाइनमेंट. हे चुकवून चालत नाही. शॉकअप आणि आर्म बदलले की चाकांची तोंडे थोडी इकडेतिकडे होतातच, आणि टायर दोन महिन्यांत एका कडेने खरवडला जातो. यंत्रावरच्या पोराने आकडे पाहून विचारले, "हे कोणी केले?" मी म्हटले, "का?" तो म्हणाला, "नाही, सहज." टाय रॉड फिरवून त्याने टो, म्हणजे चाकांच्या तोंडांचा कोन, जुळवला, स्टिअरिंग सरळ केले. येताना फर्मागुढीच्या उतारावर मी मुद्दाम एक सेकंद दोन्ही हात सैल सोडले. गाडी सरळ गेली. मधली खूण बरोबर १२ वर होती आणि मला ती जागा इतकी अनोळखी वाटली की मी दोनदा पाहिले.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "बघू चावी."

मी बाजूला बसलो, आई आणि पोरगा मागे. मंगेशीच्या वळणाआधीचा गतिरोधक आला तसा आईचा हात माझ्या सीटच्या पाठीवर आलेला मला जाणवला. गाडी वर गेली, खाली आली, बसली. हात थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग निघून गेला. कोणी काही बोलले नाही. बाबांनी आतला रस्ता धरला, जिथे समोरून क्वचितच काही येते, आणि आरामात तिसऱ्या गिअरमध्ये निघाले. पन्नास पावलांवर गाडी उजवीकडे सरकायला लागली. त्यांनी परत आणली. पुन्हा सरकली.

"बघ," ते म्हणाले, "उजवीकडे ओढते ही आता. आधी बरी होती."

मी त्यांच्या हातांकडे पाहिले. खूण घड्याळातल्या एकच्या जागी होती.

"बाबा, हात सोडा जरा."

"सोडू?"

"थोडेसेच."

त्यांनी हात सैल केले. स्टिअरिंग आपोआप मधोमध आले. बाबा काही वेळ त्या खुणेकडे पाहत राहिले, मग रस्त्याकडे. पुढच्या वळणावर हात परत एकवर गेला होता.